दादा, तू विहिरीतून वर आलास तेव्हा

दादा,

तुझा तेरावा परवा झाला. पाहुणे गेले, वहिनी जरा पडली आहे, आणि मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे. घरी लिहायला बसलं की कुणीतरी समोर येऊन डोळ्यांना पदर लावतं आणि मग मलाही लावावा लागतो. मला रडू येत नाही असं नाही. सकाळी तुझा दाढीचा ब्रश दिसला तेव्हा चांगली हुंदके देऊन रडले. पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही म्हणून तुलाच सांगते. मला हायसं वाटतंय. भाऊ गेला आणि हिला हायसं वाटतंय, असं कुणी ऐकलं तर म्हणतील नर्सबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

तू गेलास म्हणून नाही रे बाबा. तू नऊ महिने आधी गेला नाहीस म्हणून. गेल्या वैशाखात त्या विहिरीत तू संपला असतास, किंवा वर आल्यावर पुढच्या आठ दिवसांत, तर मी तुला कधीच माफ केलं नसतं. सगळं गाव तुला देवमाणूस म्हणत राहिलं असतं आणि मी एकटी आयुष्यभर दातओठ खात बसले असते. मेलेल्या माणसावर रागावून राहणं फार वाईट. भांडायलाही कुणी नसतं.

तुझा तो फळा आठवतो. लढाईच्या दिवसांत वरून हुकूम आला, कंदिलाच्या काचांना काळा कागद लावा. आपल्या गावावर कोण बॉम्ब टाकणार होतं, आणि कशावर, बाजाराच्या मंगळवारी भरणाऱ्या चार पालांवर? पण तू मनावर घेतलंस. हेडमास्तर होतास ना. काळा कागद आठवड्यात फाटला, तुझं खूळ काही गेलं नाही. बॉम्ब नाही पडला तरी आग लागेल, साप चावेल, कुणी विहिरीत पडेल, असं तुझं म्हणणं. श्रीरामपूरला जायला दिवसातून दोन एस.ट्या, त्यातली एक बंद पडलेली असते; तेव्हा जे काही करायचं ते गावातल्या गावात असलेल्या गोष्टींवर करायचं. मग तू वही घेऊन दारोदार फिरलास आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर काळा रंग मारून वर पांढऱ्या खडूनं लिहिलंस, 'अडीअडचणीला काय, कुणाकडे'. दोरखंड कुणाकडे, लांब शिडी कुणाकडे, गॅसबत्ती, बैलगाडी, पोहणारे कोण कोण. पाणी उपसायचं इंजिन, मळेवाले बापूसाहेब. आणि खाली, 'साप, विंचू: नर्सबाई'. महिनाभर पोरं मला बघून फुस्स करत होती. तुला सांगितलं तर तू हसलास, आणि म्हणालास की त्यांच्या लक्षात राहिलं ना, मग झालं.

हसण्यावारी नेलं मी ते. पण त्याच दिवशी आपलं खरं भांडणही झालं. मी अख्खा फळा वाचून आले आणि जेवताना तुला विचारलं की ओढ्यापलीकडचं एकही नाव ह्यात कसं नाही. बौद्ध वस्तीतली विहीर ऐन मे महिन्यातही तळ दाखवत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पंचक्रोशीत विहीर खणायची म्हटली की जनार्दन, सुरुंग लावायचा म्हटला की जनार्दन. तो कुठाय?

तू हातातला घास खाली ठेवलास आणि मला समजावायला लागलास, वर्गात समजावायचास तसंच. लिहून उपयोग नाही, गावातलं कुणी तिकडे पाण्याला जाणार नाही, उगीच वाद होईल, मग अख्खा फळाच पुसून टाकायची वेळ येईल. थोडं थोडं करत जाऊ. मी म्हटलं तू भितोस. तू म्हणालास की मला ह्याच गावात शाळा चालवायची आहे, तुला नुसतं इंजेक्शन टोचायचं असतं. मी ताट ढकलून उठले. वहिनी बिचारी, भाकरी टाकायची का थांबायची तेच तिला कळेना.

मग पावसानं दडी मारली, एकदा नाही, लागोपाठ. कालव्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं आणि परत येऊन ती रेशनवरची लाल मिलो ज्वारी रांधायचं, आणि माझ्या दवाखान्यात पोटदुखीची रांग. शाळेची विहीर आटली तेव्हा तू गाळ काढायचं ठरवलंस. बरोबरच होतं. पण गाळ किती निघाला हे वर उभं राहून विचारायचं की नाही? नाही. तुला टेप घेऊन स्वतः खाली उतरायचं होतं. स्वतः मोजल्याशिवाय तुझा विश्वास बसला असता तर तो तू कसला.

सकाळचे दहा वाजले असतील. मी एका बाळंतिणीला तपासत होते, तेवढ्यात शाळेचा शिपाई धावत आला. विहिरीची एक कड खाली आली होती आणि तू छातीपर्यंत मातीत. मी पोचले तेव्हा निम्मं गाव काठावर वाकून बघत होतं. फळ्याप्रमाणे सगळं आलं होतं हं. दोरखंड आला, शिडी आली, भर सकाळी गॅसबत्तीसुद्धा आली. नव्हता तो फक्त, ह्या सगळ्याचं काय करायचं ते कळणारा माणूस. दोर टाकून ओढू या असं चाललं होतं. काठावर पाय पडेल तशी माती खाली झरत होती. मी ओरडत होते, माझं कोण ऐकतंय.

आणि खालून तुझा आवाज आला. वर्गात गोंगाट झाल्यावर काढायचास तोच.

"काठावरून मागं व्हा सगळे. जनार्दनला बोलवा."

कुणीतरी विचारलं, कोण जनार्दन. तू खालून सांगितलंस, "ओढ्यापलीकडचा. विहिरी खणतो तो. पळा."

नाव, घर, काम, सगळं तुला तोंडपाठ होतं, दादा. मला तेव्हा आधी तुझा राग आला आणि मग काळजी वाटली, खोटं कशाला बोलू.

जनार्दन दोन भावांना घेऊन आला. त्यानं पहिल्यांदा काय केलं तर लोकांना हाकललं. मग तुझ्या शाळेच्या वर्गांची दारं बिजागऱ्यांतून काढायला लावली, चौथीच्या वर्गाची दोन्ही आणि सातवीचं एक. तीन वासे वर एकत्र बांधून त्याला कप्पी लावली आणि स्वतः खाली गेला. ती दारं त्यानं तुझ्याभोवती उभी करून माती थोपवली आणि तुला हातानं उकरायला लागला. घमेलं वर यायचं, रिकामं खाली जायचं. मधून मधून तो तुझ्याशी बोलत होता. त्याला घाबरलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं माहीत होतं, जे मला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं आणि मी त्या दिवशी विसरले होते. चारच्या सुमाराला तू वर आलास. पाय निळे पडले होते, ओठ फुटले होते, दातांत माती. पण हाड एकही मोडलं नव्हतं. मी तुला चाचपून बघितलं आणि तिथेच फतकल मारून बसले.

आता ते सांगते, जे आपण पुढे कधीच नीट बोललो नाही. जनार्दनची बायको सोनाबाई तिच्या माणसांसाठी घागर भरून घेऊन आली होती. नवरा अजून वर यायचा होता, तरी तिनं पहिला पेला भरला तो तुझ्यासाठी. "घ्या, गुरुजी," म्हणाली. तू हात पुढे केलास. मी बघितलं. मग तू मान वर करून सभोवती उभ्या असलेल्या लोकांकडे बघितलंस, तेही मी बघितलं. आणि म्हणालास, "घरी जाऊन पितो."

एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सोनाबाईनं पेला तसाच धरून ठेवला आणि जनार्दन वर आल्यावर त्याला दिला. तुला गाडीत घालून घरी आणलं. तू घरी चार तांबे पाणी प्यालास, घटाघट. मी मोजले.

आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. पायाला मलम लावलं, पट्टी बदलली, बोलले नाही. लोक तुला बघायला येत होते आणि देवानं वाचवलं म्हणत होते. देवानं म्हणे. मला वाटत होतं, ह्या माणसाबरोबर मी एका घरात कशी राहते.

नवव्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. तू काठी टेकत आलास आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलास. माझ्या सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकलास. मग म्हणालास, "तहान लागली होती गं, शकू. जीव जात होता. आणि तरी तोंडातून तेच निघालं."

मला वाटलं होतं तू समर्थन करशील. लोकांचं सांगशील, शाळेचं सांगशील. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, धार लावून. ती तशीच राहिली. मी फक्त विचारलं, मग आता? तू म्हणालास, जायचं तिकडे, पण एकट्यानं जाण्याची छाती होत नाही, तू येतेस?

गेलो आपण. भर दुपारी, लोकांच्या डोळ्यांदेखत, चावडीवरून. तू लंगडत होतास. सोनाबाई दारात मिलो पाखडत होती. तू उभ्या उभ्याच म्हणालास, पाणी पाहिजे. तिनं काय लगेच नाही दिलं. सगळं पाखडून होईपर्यंत तिनं वर बघितलं नाही, आणि तू उन्हात उभा. मला वाटलं आता तू चक्कर येऊन पडतोस. मग उठली, आत गेली, पेला आणून तुझ्या हातात दिला. तू प्यालास. ती म्हणाली, "बसा आता."

जनार्दन आल्यावर तू वही उघडलीस आणि सांगितलंस की त्याचं नाव आणि वस्तीतली विहीर फळ्यावर लिहायची आहे, त्यासाठी विचारायला आलोय. तुला वाटलं असेल तो खूश होईल. मलाही वाटलं होतं. त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि आपल्या दोघांना गार केलं.

"नाव लिवा, न्हाई म्हनत न्हाई. पर आमच्यात आग लागली तर बापूसायबांचं इंजिन येनार का, ते बी लिवा. आमी तुमच्या विहिरीत उतरायचं आन आमचं जळत आसताना तुमी चावडीवरनं बगायचं, त्यो फळा आमाला नगं."

परत येताना तू म्हणालास, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, शकू. मी म्हटलं माझ्याही नाही. आपण दोघं शिकलेली, आणि हा हिशेब आपल्याला विहीर खणणाऱ्या माणसानं शिकवावा.

नंतरचे महिने मात्र मला फार आवडतात. तुला इतका भांडखोर मी लहानपणीही बघितला नव्हता. बापूसाहेबांकडे तू किती खेटे घातलेस. ते चहा पाजायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि इंजिनाचं निघालं की इंजिन माझं आहे म्हणायचे. शेवटी एका सोमवारी तू ओला बोळा घेतलास आणि फळ्यावरचं त्यांचं नाव पुसून टाकलंस. 'पाणी उपसायचं इंजिन' तसंच, आणि पुढे कोरी जागा. दुसऱ्या दिवशी बाजार. चारी बाजूंच्या गावचे लोक त्या भिंतीजवळून जाणार आणि विचारणार, का हो, बापूसाहेबांनी इंजिन विकलं का? मी तुला म्हटलं, तुझी बदली पक्की. तू म्हणालास, होऊ दे, तिथेही भिंत असेलच. गुरुवारी त्यांचा गडी आला. मालक म्हणतात, लिहा, कुठंही येईल इंजिन. घरी येऊन तू पोट धरून हसलास. वहिनी विचारत होती काय झालं, आणि तुला सांगता येत नव्हतं.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणी म्हणू नये. चार घरांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. एकदा फळ्यावर शेण फेकलेलं होतं. तू बादली घेऊन गेलास, धुतलंस आणि त्यावर पुन्हा रंग दिलास. जनार्दनचं नाव तू सगळ्यात वर लिहिलंस, अक्षर जरा थोरच काढलंस. मी तुला तेव्हा काही म्हणाले नाही. शाबास एवढा शब्द म्हणायला काय झालं होतं मला? आपल्या घरात कौतुक करायची पद्धतच नाही. मनात म्हणाले होते, ते तुला ऐकू गेलं असेल असं धरून चालते.

आणि दिवाळीनंतर सोनाबाईच्या घरामागची कडब्याची गंज पेटली. दुपारची वेळ होती. वारा नेमका घरांकडे. तू शाळा सोडून धोतर सावरत पळालास आणि मी तुझ्या मागे. आपण पोचलो तर इंजिन ओढ्यात उतरलेलं. गाडीवर स्वतः बापूसाहेब, कपाळाला आठ्या, गड्यांच्या नावानं शंख चाललेला. ओढ्याला पाणी होतं, ह्या वर्षी देवानं तेवढं दिलं होतं. गंज गेली. घर एकही गेलं नाही, माणूस नाही, शेळीसुद्धा नाही. बापूसाहेब ओलेचिंब होऊन परत निघाले तेव्हा जनार्दननं त्यांना रामराम घातला, आणि त्यांनी तो घेतला. तू माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीस. दादा, तेवढ्यासाठी मी तुझी दहा भांडणं विसरले.

तुझ्या शेवटच्या दुपारबद्दल मी फार लिहीत नाही. छातीत कळ आली, मी नाडी धरली, आणि मला कळलं. पंधरा मिनिटांत गावात जे जे होतं ते दारात होतं. गाडी जुंपलेली, तालुक्याच्या दवाखान्याच्या जीपसाठी एक जण सायकलवर पिटाळलेला, जनार्दन खाट उचलायला तयार. तुला जे हवं होतं ते गावात नव्हतं, कुणाच्याच घरी नव्हतं. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. तू माझा हात धरून गेलास, आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल अढी नव्हती. हेच ते हायसं.

पण एक गोष्ट वर सांगताना मी गाळली. मुद्दाम गाळली.

सोनाबाईच्या दारात तू पाणी प्यालास त्यानंतर तिनं मलाही विचारलं होतं, बाई, तुमाला? आणि मी म्हणाले, नको, आत्ताच पिऊन निघाले.

अकरा वर्षं मी त्या वस्तीत जाते. निम्मी पोरं माझ्या हातची. आणि अकरा वर्षं माझ्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली असते. नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं, बाहेरचं पाणी पिऊ नये. वरच्या आळीत कुणाच्याही घरी मी बसते, चहा पिते, पाणी मागून घेते, तिथे बाटली आठवत नाही. ओढा ओलांडला की आठवते. हे मी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. तुला भित्रा म्हणताना तर नाहीच नाही.

तुला माहीत होतं. त्या दुपारी तू माझ्याकडे बघितलंस ना, मी नको म्हणाले तेव्हा. परतीच्या वाटेवर माझ्या तोंडून तुझ्या त्या विहिरीवरच्या चुकीचा पाढा चालूच होता. तू एका वाक्यात मला गप्प करू शकला असतास. आपल्या सगळ्या भांडणांत ते एकच वाक्य असं होतं की त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू ते त्या दिवशी बोलला नाहीस, आणि पुढे नऊ महिने बोलला नाहीस. मला वेळ देत होतास की माझी लाज राखत होतास, ते आता कसं कळणार.

काल सोनाबाईच्या सुनेचं बाळंतपण होतं. मुलगी झाली, सहा पौंडांची, आवाज तुझ्यासारखा. सगळं आवरून मी हात धुतले आणि ओट्यावर टेकले. घसा कोरडा पडला होता. म्हटलं, "सोनाबाई, पाणी द्या."

ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आज बाटली न्हाई आनली व्हय, बाई?"

"आणलीय," म्हटलं. "पिशवीत आहे."

ती पदराला हात पुसत उठली. मग आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. मी दोन पेले प्याले. मचूळ आहे रे ते पाणी, दादा. तू मला सांगितलं नव्हतंस.